डावी कड कुणाची?

सोलापुरात पन्नाशीला आलेली बाई सायकलवर दिसली की लोकांच्या मनात दोनच शंका येतात. गाडी गॅरेजला टाकली असेल, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलं असेल. आमच्या कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनमामांनी तर सरळ विचारलं, "मॅडम, शुगर निघाली काय?" शुगर निघालेली नाही. गाडीपण धडधाकट आहे, ती लेक कॉलेजला नेते. सायकल मला परवडते, आवडते आणि अंगवळणी पडली आहे, एवढंच. राहायला जुळे सोलापुरात आणि नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघायची. आसरा पूल, होटगी रोड, गुरुनानक चौक, कुमठा नाका असं करत पोचायचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा सकाळी लवकर निघते आणि संध्याकाळी ऊन कलल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही.

परवा एका लग्नात माझ्या मावसदिरांनी मला धारेवर धरलं. ते आरटीओच्या कामांचे एजंट आहेत, त्यामुळे कायदा कायम जिभेवर. "वहिनी, तुम्ही सायकलवाले लायसन काढत नाही, टॅक्स भरत नाही, इन्शुरन्स नाही, सिग्नल पाळत नाही. आणि वर रस्ता पण पाहिजे?" पंगतीत शेंगापोळी समोर होती, वाद घालायची ती वेळ नव्हती. म्हणून आता इथे लिहिते.

टॅक्सचं आधी उरकून टाकते. मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेच्या पैशातून आणि सरकारी अनुदानातून होतात, आणि घरपट्टी मी न चुकता भरते. शिवाय माझ्या सायकलने डांबर खचल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

लायसनचं मात्र बोलण्यासारखं आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा यंत्रावर चालणाऱ्या वाहनांचा. सायकल त्याच्या व्याख्येतच बसत नाही, म्हणून नंबर नाही, पीयूसी नाही, लायसन नाही. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्यांच्या काळात सायकलला कर भरल्याचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे, डबलसीट पकडलं तर हुज्जत व्हायची. आज ऐकायला जाच वाटतो, पण त्या जाचात एक मान होता. सायकल रस्त्यावरचं वाहन आहे हे सरकारला मान्य होतं. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की मिलच्या गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि बाकीच्यांना थांबावं लागायचं. आता आमच्याकडे कुणी काही मागत नाही, आणि कुणी आम्हाला मोजतही नाही.

रस्ता आखणारा माणूस मोजलेल्यांसाठीच आखतो. चौकात वाहनांची गणती होते, त्यावर सिग्नलचे सेकंद ठरतात, लेन ठरतात, पुलाची रुंदी ठरते. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आपल्याकडे रस्त्यांचे निकष लिहिणारी संस्था. तिने सायकल ट्रॅकबद्दलचं मार्गदर्शन १९६२ सालीच काढलं होतं. त्यातला एक हिशोब मला तोंडपाठ आहे, कारण आकडे हाच माझा धंदा. गर्दीच्या तासाला रस्त्यावरून २०० पेक्षा जास्त मोटारवाहनं जात असतील, तर तासाला फक्त १०० सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक देणं योग्य. ट्रॅकची रुंदी किमान २ मीटर. हे १९६२ साली, रस्त्यावर बैलगाड्या असताना! अक्कलकोट रोडवर सकाळी आठच्या सुमाराला उभं राहा. दोनशे मोटारी म्हणजे हातातला चहा संपेपर्यंतचा हिशोब. आणि शिफ्टच्या वेळी शंभर सायकली होतील की नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे. यंत्रमागावरचे कामगार, वाइंडिंगच्या पोरी, गोदामातले हमाल, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन. हेल्मेट घालून रविवारी पुणे हायवेला जाणारी मंडळी वेगळी. त्यांचं कौतुकच आहे, पण सायकलबद्दल बोलायला बैठकीत बोलावतात ते त्यांनाच. अंधारात डबा अडकवून निघणाऱ्याला कोण बोलावणार?

आता माझं खरं दुखणं सांगते. नियम म्हणतो, हळू चालणाऱ्याने डाव्या कडेने जावं. मला मान्य. पण ही डावी कड एकदा जवळून बघा.

सगळ्यात आधी डांबराची धार. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, बाजूचा मुरूम तिथेच राहिला. मध्ये वीतभर नाही, पण बोटभर-चारबोटं उंचीची पायरी तयार झाली. मागून टेम्पोने हॉर्न दिला म्हणून तुम्ही खाली उतरलात, की परत वर चढताना चाक त्या धारेला घासत जातं आणि सायकल झोपते. चारचाकीला ही पायरी कळतही नाही. त्यापलीकडे वाळू. डिव्हायडरच्या कामाची, कुणाच्या बांधकामाची, डंपरमधून सांडलेली. मोठ्या चाकांनी ती उडत उडत कडेला येते आणि तिथेच राहते, कारण कडेने कुणी जात नाही असं सगळ्यांनी धरलेलं आहे. मग रिक्षा उभ्या, मग रसवंतीची बाकडी, मग कुणाच्या दुकानाचा बोर्ड. आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले. पुढच्या वळणापर्यंत जायचा कंटाळा, म्हणून आमच्याच कडेने समोरून अंगावर येतात आणि वर आपल्यालाच म्हणतात, "ओ ताई, बाजूला घ्या की!" बाजूला म्हणजे कुठे, गटारात?

गटारावरून आठवलं. पावसाचं पाणी जायला कडेला लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात. त्यातल्या कितीतरी जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच लांब असतात. दोन पट्ट्यांमधली फट सायकलच्या टायरला बरोबर मापाची. दोन पावसाळ्यांपूर्वी माझं पुढचं चाक अशाच एका जाळीत गेलं. सायकल जागच्या जागी थांबली, मी मात्र पुढे गेले. मनगट सुजलं, डब्यातली आमटी पर्समध्ये. शेजारच्या टपरीवाल्याने उठवून बाकड्यावर बसवलं आणि शांतपणे म्हणाला, "हितं पावसात एक जण पडतोयच की ताई." चहा पीत मी त्या जाळीकडे बघत बसले. ती चौकोनी होती, चारी बाजू सारख्या. उचलून एकदा आडवी फिरवून बसवली असती तर पट्ट्या रस्त्याला काटकोनात आल्या असत्या, पाणी तेवढंच गेलं असतं आणि चाक वरून खडखडत पार झालं असतं. नवी जाळी नको, टेंडर नको. बसवणाऱ्याला फक्त माहीत हवं होतं की इथून सायकल जाते. संबंधित खात्याला फोटोसकट अर्ज दिला. पोच मिळाली, जाळी तशीच आहे.

म्हणून मला सायकल ट्रॅकच्या घोषणेचं फारसं कौतुक वाटत नाही. पुणेकरांनी हे करून बघितलंय. तिथे ट्रॅक आहेत, पण कुठे त्यावरून स्कूटर धावते, कुठे मध्येच झाड किंवा डीपी, कुठे भेळेची गाडी, आणि चौक आला की ट्रॅक गायब. म्हणजे सायकलवाल्याला सगळ्यात जास्त आधार हवा तिथेच तो संपतो. गंमत म्हणजे फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर वाहन घालायचं नाही, हा नियम १९८९ पासून लिहिलेला आहे. कागदावर आपण कुठेच कमी पडत नाही. मला विचाराल तर सोलापुरात आधी आहे ती डावी कड साफ आणि सपाट करा, जाळ्या फिरवा, डांबराची धार मुरूम भरून बुजवा. रंगीत पट्टे मागाहून ओढा.

आणि वेग कमी करा. यावर मावसदीर हमखास उसळणार. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने शहराच्या हद्दीत मोटारीला ताशी ७० किलोमीटर आणि मोटारसायकलला ६० पर्यंतची कमाल मर्यादा ठरवली. स्थानिक प्रशासन ती कमी करू शकतं. जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते? जिथे चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकाच रस्त्यावर असतात तिथे ३०. वेग दुप्पट झाला की धडकेतली ताकद चौपट होते, हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. साठच्या वेगाने येणाऱ्याची धडक तीसवाल्याच्या चौपट आणि मी मध्ये, अंगावर पंजाबी ड्रेस आणि ओढणी एवढंच कवच. नव्या पेठेत किंवा मधल्या मारुतीजवळ तीसची पाटी लावायची गरजच नाही, तिथे गर्दीच वेग ठरवते. पाटी हवी ती होटगी रोड, विजापूर रोड आणि अक्कलकोट रोडला. नुसती पाटीही नको. रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा ठेवून तीस लिहिलं तर कोण पाळणार? स्पीडब्रेकर हवेत, पण शास्त्राप्रमाणे. निकषातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, गोलसर. आपल्याकडे गल्लीतले लोक रातोरात जे डांबराचे उंबरे घालतात, त्यावर मोटारीपेक्षा सायकलवाल्याचीच कंबर मोडते.

२०१७ च्या ड्रायव्हिंग विनियमांत एक वाक्य आहे, ते मला फार आवडतं. पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं, दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची चालकाने विशेष काळजी घ्यावी, अशा अर्थाचं. मी ते मावसदिरांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. त्यांनी अंगठा पाठवला.

सिग्नलबद्दल त्यांचं म्हणणं मात्र खोटं नाही. सायकलवाले सिग्नल तोडतात. का तोडतात, हे पायाने पायडल मारणाऱ्यालाच कळतं. चालती सायकल थांबवायची आणि पुन्हा शून्यातून उचलायची यात जो दम जातो, तो मोटारवाल्याच्या अंगठ्याला जाणवत नाही. अमेरिकेत आयडाहो नावाच्या राज्यात १९८२ पासून कायदाच वेगळा आहे. स्टॉपच्या पाटीला सायकलवाल्याने वेग कमी करायचा, बघायचं, कुणाचा हक्क आधी असेल तर त्याला जाऊ द्यायचं आणि निघायचं. पाय टेकलाच पाहिजे असं नाही. पुढे लाल दिव्यालाही थांबून, रस्ता मोकळा बघून जायची मुभा त्यांनी दिली. पॅरिसमध्ये ठरावीक सिग्नलवर सायकलची छोटी पाटी असते, तिथे लाल असला तरी पाटीवरच्या दिशेने सायकल जाऊ शकते.

हे आपल्याकडे आणावं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि सायकलवाले मित्र यावर माझ्यावर चिडतात. आयडाहोत समोरचा त्याच्या दिव्याप्रमाणे वागेल अशी खात्री असते. आपल्या सात रस्ता चौकात कुणाचा दिवा हिरवा आहे यावरून कोण येईल ते सांगता येत नाही. सायकलला मुभा दिली तर दुसऱ्या दिवशी ती मोटारसायकलने घेतली असेल. मला हवं ते वेगळंच आहे. थांबायच्या पांढऱ्या रेषेच्या पुढे सायकलींसाठी थोडी जागा आखा आणि हिरवा पडायच्या चार-पाच सेकंद आधी आम्हाला सोडा. चौकात खरी भीती लेफ्ट फ्रीची असते. मी सरळ जाणार असते, डावीकडेच असते, कारण नियमानेच तिथे ठेवलंय. मागून येणाऱ्याला डावीकडे वळायचं असतं, तो मला ओलांडून माझ्यासमोरूनच आत घुसतो. गुरुनानक चौकात एकदा एका एसटीने असं वळण घेतलं की तिच्या मागच्या चाकाची गरम हवा माझ्या पायाला लागली. लांब गाडी वळताना तिचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, कडेला उभ्या असलेल्याच्या अंगावर. ड्रायव्हरला आरशात मी दिसत नसणार, हे मला पटतं. म्हणून तर आम्हाला त्याच्या पुढे, त्याच्या काचेसमोर उभं करा म्हणते.

आसरा पुलाचा चढ हा वेगळाच विषय. सपाटीला माझा वेग ताशी पंधरा असेल तर चढाला सात-आठवर येतो, आणि सायकल जेवढी हळू तेवढी ती जास्त डुलते. म्हणजे चढावर सायकलला उलट जास्त रुंदी लागते. पूल अरुंद आणि मागून हॉर्न. पूल बांधताना चढाच्या बाजूला फक्त दीड-दोन मीटर जास्त सोडलं तरी चालेल, उताराला आम्ही बाकीच्यांबरोबर जातो की.

कुणी म्हणेल हे हॉलंडचे लाड आहेत. हॉलंडसुद्धा सायकली घेऊन जन्माला आलं नव्हतं. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांचे खून थांबवा' हे त्या चळवळीचं नावच होतं. १९७३ मध्ये तेल महागलं आणि सरकारलाही शहाणपण आलं. आणि सपाटीचं म्हणाल तर सोलापूरही काही महाबळेश्वर नाही.

आपले धोके मात्र आपलेच आहेत, ते हॉलंडच्या पुस्तकात सापडणार नाहीत. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला आणि टेपरेकॉर्डर एवढा मोठा की मागच्या हॉर्नचा उपयोग नाही. एकदा अंधारात पुढे काहीतरी सळसळतंय एवढंच कळलं आणि उसाचं वाढं गालाला लागलं. त्यानंतर मी ट्रकचं रेडियमकाम करणाऱ्याकडून लाल-पांढऱ्या पट्टीचा रोल आणला. आधी माझ्या मडगार्डला लावली, मग कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना थांबून ज्याच्या त्याच्या सायकलला लावत गेले. वॉचमनमामांनी पत्र्याच्या कात्रीने तुकडे कापून दिले. एका पोराने "मॅडम, माझं नाव पण घाला की रेडियममध्ये" म्हणून हट्ट धरला. अख्ख्या सायकलभर पट्टी लावायला वीस-तीस रुपयांचंही सामान लागत नाही. ट्रॉलीच्या मागे लावायला किती लागेल? हंगामाच्या सुरुवातीला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, पट्टी नसेल तर ट्रॉली आत घ्यायचीच नाही, एवढं केलं तरी पुरे.

मावसदिरांना मी एक गोष्ट जाणूनबुजून सांगितली नव्हती, ती आता सांगते, कारण त्यांच्याच धंद्यातली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९८-अ असं कलम आलं. रस्त्याच्या आखणीत, बांधणीत, देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा कायमचं जायबंदी झालं, तर जबाबदार यंत्रणेला, सल्लागाराला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जीव जाईपर्यंत थांबायचं आणि मग एक लाख, हे मला थोडं वाटतं, पण दोष रस्त्याचाही असू शकतो हे कायद्याने पहिल्यांदा मान्य केलं. त्याच दुरुस्तीत पायी चालणारे आणि बिनइंजिनाची वाहनं यांच्यासाठी नियम करायचा अधिकार राज्यांना मिळाला. ते नियम सहा महिन्यांत करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना सांगितलं. ते नियम लिहिणारा माणूस कधीतरी सायकलवर बसलेला असावा, एवढीच इच्छा.

राहता राहिलं गाडीचं दार. कडेला उभ्या गाडीचं उजवीकडचं दार धाडकन उघडतं आणि सायकलवाला त्यावर आदळतो. यात ना रस्ता बदलायचाय, ना कायदा. उजव्या बाजूला बसलेल्याने दार डाव्या हाताने उघडायचं. हात आडवा गेला की खांदा आपोआप मागे वळतो आणि मागून येणारं दिसतं. डच लोकांना ही सवयच असते, फक्त त्यांचं स्टिअरिंग गाडीत डाव्या बाजूला, म्हणून हात उजवा. आमच्या ऑफिसात चारचाकीवाले तीन आहेत. दोघांनी सवय लावून घेतलीय. तिसरे आमचे मॅनेजरसाहेब, ते म्हणतात डाव्या हातात मोबाईल असतो.